कोरडा दिवस, रिकामा रकाना: पावसाच्या वहीतलं शून्य

लातूर जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सातवीच्या मुलांनी दहा दिवसांच्या पावसाची सरासरी काढली आणि उत्तरं आली तीन: 24.25 मिमी, 16.17 मिमी आणि 9.7 मिमी. वही एकच, बेरीजही एकच, आणि तिन्ही भागाकार बिनचूक. वाद फक्त कशाने भागायचं एवढ्यावर होता: चाराने, सहाने की दहाने. चाराने भागणाऱ्यांचं म्हणणं असं, की शून्य म्हणजे काहीच नाही, ते आकड्यांत धरायचं कशाला? "बाई, पाऊसच न्हाई तर मोजायलाव काय?" हा प्रश्न वर्गात आला आणि पावसाचा हिशेब बाजूला राहून शून्य ही संख्या आहे का, यावरच तास गेला.

शाळा कोणती हे इथे महत्त्वाचं नाही, आणि आकडे हिशेब डोळ्यांसमोर राहावा म्हणून सुटसुटीत घेतले आहेत. चुका मात्र अशा कुठल्याही वहीत सापडतात.

वहीत काय होतं

नोंद 6 ते 15 जुलैची, म्हणजे पुनर्वसू नक्षत्रातली. गावात या पावसाला तरणा पाऊस म्हणतात. सोयाबीन वितीएवढं झालेलं असतं, आणि बापाला शेतात पाऊस किती झाला ते सांगायचं म्हणून मुलं वही हौसेने लिहितात. रकाने असे होते:

6, सोमवार: 18.0
7, मंगळवार: 0
8, बुधवार: निरंक
9, गुरुवार: 7.5
10, शुक्रवार: —
11, शनिवार: 4.5
12, रविवार: (काही लिहिलेलं नाही)
13, सोमवार: 67.0
14, मंगळवार: 0
15, बुधवार: भुरभुर

बेरीज 97.0 मिमी. पहिल्या गटाने पाण्याचे दिवस तेवढे मोजले, चार, आणि 24.25 काढलं. दुसऱ्या गटाने आकडे शाळेच्या संगणकावर एक्सेलमध्ये भरले. तिथलं सरासरीचं सूत्र रिकामा रकाना सोडून देतं, आणि ज्यात अक्षरं किंवा आडवी रेघ आहे तोही सोडतं. 0 मात्र मोजतं. त्यामुळे त्याने सहा रकाने धरले आणि 16.17 दिलं. तिसऱ्या गटाने दिवस दहा म्हणून दहाने भागलं: 9.7.

गंमत अशी, की शून्य संख्या आहे की नाही यावर वर्ग भांडत होता तेव्हा संगणकाने आपल्यापुरता निकाल लावून टाकला होता. त्याच्या लेखी 7 तारखेचं 0 ही संख्या आणि 8 तारखेचं निरंक हा मजकूर. आकाश दोन्ही दिवशी सारखंच कोरडं होतं.

निरंक हा शब्द मुलांनी कुठून उचलला ते उघड आहे. सरकारी कागदावर सांगण्यासारखं काही नसलं की 'निरंक' लिहून पाठवायची रीत घरोघर ठाऊक आहे. शब्दाचा सरळ अर्थ अंक नसलेला. कार्यालयात तो चालतो, कारण वाचणारा माणूस असतो. मोजमापाच्या वहीत तो घातक, कारण 'मोजलं आणि काही निघालं नाही' आणि 'मोजलंच नाही' या दोन्ही गोष्टी त्यात मावतात.

शून्य काहीच नाही असं का वाटतं

दोष मुलांचा नाही. पाढे 'बे एके बे'पासून सुरू होतात. गोट्या, बोटं, चिंचोके मोजताना कुणी शून्यापासून मोजत नाही. शून्याची पहिली भेट होते ती 'एकावर शून्य दहा' म्हणताना, म्हणजे दुसऱ्या अंकाच्या उजवीकडे बसलेलं एक चिन्ह म्हणून. 105 मधलं शून्य दशकाची जागा धरून ठेवतं. ते काढलं की 15 उरतात. पुढे परीक्षेत भोपळा मिळतो तेव्हा ते लाजेचं चिन्ह होतं. जुन्या मराठीत शून्याला पूज्य म्हणत आणि 'अकलेच्या नावाने पूज्य' असं अजून ऐकू येतं. जागा धरणं आणि अभाव दाखवणं या दोन कामांत मोजण्याचं उत्तर म्हणून येणारं शून्य कुठे दिसतच नाही.

ते दिसायला हिशेब करावा लागतो. वर्गात वहीवरच चार कसोट्या लावता आल्या.

तुलना: 0, 4.5, 18 हे चढत्या क्रमाने लावता येतात. 'निरंक' आणि 'भुरभुर' यांना त्या रांगेत जागा नाही.

वजाबाकी: 6 तारखेला 18, 7 तारखेला 0, फरक 18. दोन दिवस सारखेच बरसले तर फरक 0. गणिती ब्रह्मगुप्ताने 628 साली ब्राह्मस्फुटसिद्धान्त या ग्रंथात शून्याचे जे नियम दिले त्यात हाच विचार आहे: धन आणि ऋण समान असतील तर त्यांची बेरीज शून्य. तिथे शून्य जागा धरून बसलेलं नाही, ते आकडेमोडीतून निघालेलं उत्तर आहे.

गुणाकार: एका एकरावर 1 मिमी पाऊस म्हणजे सुमारे 4,047 लिटर पाणी. 18 मिमीला सुमारे 72,800 लिटर. 0 मिमीला 0 लिटर. सूत्र तेच, त्यात शून्यासाठी वेगळी सूट मागावी लागत नाही.

आणि सरासरी. 18 मध्ये 0 मिळवलं तर बेरीज 18च राहते, म्हणून मुलांना वाटतं की शून्य आलं काय नि गेलं काय. पण 18 ची एका दिवसाची सरासरी 18, आणि 18 व 0 यांची दोन दिवसांची 9. बेरजेत न दिसलेलं शून्य भाजकात दिसतं. पहिल्या गटाची चूक इथे होती. त्यांचं 24.25 हे उत्तर निरर्थक नाही, पण ते 'ज्या दिवशी पाणी मिळालं त्या दिवशी सरासरी किती' या निराळ्या प्रश्नाचं आहे.

शून्य नैसर्गिक संख्यांत धरायचं का, हा प्रश्न यात मिसळू नये. आपल्या पाठ्यपुस्तकात नैसर्गिक संख्या 1 पासून आणि पूर्ण संख्या 0 पासून. आयएसओ 80000-2 या आंतरराष्ट्रीय मानकात नैसर्गिक संख्यांच्या संचात 0 धरलेलं आहे. इटालियन गणिती पेआनोने 1889 साली मांडणी केली तेव्हा सुरुवात 1 पासून होती, नंतर त्यानेच ती 0 पासून केली. एखाद्या यादीत शून्याला बसवायचं की नाही हे सोयीने ठरतं. त्यामुळे त्याचं संख्यापण जात नाही. उणे पाच आणि अर्धा हेही त्या यादीत नाहीत.

रकान्यांची तपासणी

शून्य संख्या आहे एवढं मान्य झाल्यावर एक धोका लगेच उभा राहतो: सगळ्या रिकाम्या जागी 0 भरून मोकळं होणं. तिसऱ्या गटाने तेच केलं होतं. म्हणून ज्या मुलांकडे त्या त्या दिवशी पाऊस मोजायचं काम होतं त्यांना एकेका रकान्याबद्दल विचारलं गेलं.

8 तारखेला मुलगा मापकापाशी (म्हणजे पाऊस मोजायच्या बाटलीपाशी) गेला होता, तळाचं पाणी शून्याच्या रेघेवरच होतं, त्याने निरंक लिहिलं. हे खरं शून्य, 0.0 लिहायला हवं होतं. 10 तारखेला मोजणारी मुलगी मामाच्या गावी गेली होती, कुणीच पाहिलं नाही, दुसऱ्याने नंतर रेघ ओढली. 12 ला रविवार, शाळा बंद. 15 ला पहाटे माती ओली झाली होती, पण पाणी रेघेच्या वर चढलं नव्हतं. मोजता येणार नाही इतक्या कमी पावसाला हवामानशास्त्रात ट्रेस म्हणतात. बेरजेत तो 0 धरतात, पण शेऱ्यात तो वेगळा लिहितात.

आता खरा पेच. 10 ला कुणी गेलं नाही म्हणजे मापक रिकामं केलं गेलं नाही. मग 11 चे 4.5 हे एका दिवसाचे नाहीत, दोन दिवसांचे आहेत. तसंच 13 चे 67.0 हे रविवार आणि सोमवार मिळून. पाणी बाटलीतच साचत राहिलं, म्हणून दहा दिवसांची बेरीज 97.0 आणि सरासरी 9.7 हेच बरोबर ठरतं (साचलेल्यातलं थोडं पाणी उडून जातं, ती घट सोडून). तिसऱ्या गटाचं उत्तर बरोबर होतं आणि कारण चुकीचं. गणिताच्या शिक्षकाला अशा उत्तराइतकं अडचणीचं दुसरं काही नसतं.

कारण चुकीचं असल्याचा फटका बेरजेत बसत नाही, रोजच्या आकड्यात बसतो. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिमीपेक्षा जास्त पाऊस झाला तर अतिवृष्टी धरतात. रविवारच्या रकान्यात 0 भरला की सोमवारचे 67.0 एका दिवसाचे ठरतात आणि वहीत अतिवृष्टी लागते. प्रत्यक्षात ते 40 आणि 27 असू शकतात, 2 आणि 65 असू शकतात. शाळेच्या वहीवर पंचनामे होत नाहीत, ते मंडळातल्या अधिकृत केंद्राच्या आकड्यावर चालतात. पण चुकीची जात तीच.

भारतीय हवामान विभाग 2.5 मिमी किंवा जास्त पाऊस झालेल्या दिवसाला पावसाचा दिवस मानतो. वही जशीच्या तशी वाचली तर असे दिवस चार. नीट पाहिलं तर 6 आणि 9 हे दोन नक्की. 10-11 मिळून 4.5 असल्याने त्यात एक दिवस असेल किंवा (2.3 आणि 2.2 असं वाटलं गेलं असेल तर) एकही नसेल, दोन असायला किमान 5.0 लागतात. 12-13 मध्ये एक तरी आहेच, कदाचित दोन. म्हणजे तीन ते पाच. चार हा आकडा खरा असेलही, पण वहीवरून तो सिद्ध होत नाही.

रिकाम्या जागी शून्य भरलं तर काय होतं ते तापमानात आणखी उघडं पडतं, कारण तापमान साचत नाही. मे महिन्यात चार दिवसांपैकी तीन दिवसांचं कमाल तापमान 42, 43 आणि 41 अंश, एका दिवसाची नोंद नाही. नोंद नसलेल्या दिवशी 0 धरला तर सरासरी 31.5 अंश: मराठवाड्यात, मे महिन्यात! तो दिवस सोडला तर 42. शिवाय शून्य अंश सेल्सियस म्हणजे तापमानच नाही असंही नव्हे. ते पाण्याच्या गोठणबिंदूला दिलेलं नाव आहे. पावसाच्या मापातलं शून्य अभाव सांगतं, तापमापीतलं शून्य पट्टीवरची एक खूण असतं. संख्या तीच, काम निराळं.

बाटलीवरची शून्याची रेघ

शाळेचं मापक दोन लिटरच्या थंड पेयाच्या बाटलीचं होतं. खांद्याखाली जिथून बाटली सरळ होते तिथे कापायची, वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवायचा. तोंडाचा आणि बाटलीचा व्यास एकच असल्याने पाण्याची उंची थेट मिमीत मिळते. स्वयंपाकघरातलं मोठं नरसाळं लावू नये. 10 सेमी व्यासाच्या बाटलीवर 15 सेमीचं नरसाळं ठेवलं की पाणी 2.25 पट चढतं.

बाटलीचा तळ खाचाखोचांचा असतो, म्हणून त्यात खडे घालून खडे बुडेपर्यंत पाणी भरतात आणि त्या पाण्याच्या पातळीवर शून्याची रेघ मारतात. पट्टी तिथून चिकटवायची. यात दोन चुका हमखास होतात. कंपासपेटीतल्या पट्टीचं 0 तिच्या कडेपासून थोडं आत असतं. पट्टीची कड रेघेला लावली आणि ते अंतर 5 मिमी असलं, तर प्रत्येक वाचन 5 मिमी कमी येतं आणि 4 मिमीचा पाऊस पट्टीच्या शून्याखालीच राहतो. दुसरी चूक म्हणजे मोजायला 1 पासून सुरुवात करायची सवय. रेघेला 1 सेमीची खूण लावली तर कोरड्या दिवशीही 10 मिमी पाऊस दिसतो.

तळाचं पाणी उन्हाने उडतं तेव्हा पातळी रेघेच्या खाली जाते. मुलं तिथे 0 लिहितात. पातळी रेघेखाली 2 मिमी असताना 10 मिमी पाऊस झाला तर पाणी रेघेवर 8 मिमीच दिसेल, आणि 8 - (-2) = 10 केल्याशिवाय खरा पाऊस मिळणार नाही. ऋण संख्या शिकवायला याहून चांगलं साधन सापडणं कठीण. पण वही शुद्ध ठेवायची तर रोज वाचन झाल्यावर बाटली रिकामी करून पाणी पुन्हा रेघेपर्यंत भरावं.

याखेरीज खोटं शून्य येतं ते तुंबलेल्या तोंडामुळे: लिंबाचा पाला, कोळ्याचं जाळं, मुंग्यांनी आणलेली माती. नरसाळ्यात पाणी थांबलेलं आणि आतली पातळी रेघेवर असेल तर तो दिवस 0 नव्हे. तोंड साफ करून थांबलेलं पाणी आत उतरू द्यायचं आणि मग वाचायचं. मापक झाडापासून आणि भिंतीपासून दूर हवं, नाहीतर वळचणीचं पाणीही पाऊस म्हणून लिहिलं जातं.

वेळ सकाळी 8.30. हवामान विभागाचा दिवस 8.30 ते 8.30 असा असतो आणि मागच्या 24 तासांचा पाऊस वाचनाच्या तारखेला लिहितात. शाळा दहाला भरते आणि शनिवारी सकाळची असते. शाळेच्या वेळेनुसार वाचन घेतलं तर शनिवारचा दिवस आखूड होतो आणि पुढचा लांबतो. म्हणून शाळेशेजारी राहणाऱ्या दोघांकडे आळीपाळीने काम दिलं, रविवारसकट.

शून्याने भागायची वेळ

एक जागा अशी निघाली, की जिथे 0 लिहिणंच चूक. 'पावसाच्या दर दिवशी सरासरी किती' हा रकाना मुलांनी हौसेने वाढवला होता: एकूण पाऊस भागिले पावसाचे दिवस. कोरड्या आठवड्यात ते 0 भागिले 0 होतं आणि संगणक चूक दाखवतो. एका गटाने तिथे 0 लिहिलं. आदल्या सरावात दुसऱ्या एकाने 5 भागिले 0 बरोबर 5 असं लिहिलं होतं: कुणालाच वाटलं नाही, तर पाच जसेच्या तसे.

दोघांनाही थोर सोबत आहे. शून्य भागिले शून्य बरोबर शून्य, असं ब्रह्मगुप्ताने म्हटलं होतं. शून्याने भागल्यास संख्या बदलत नाही, असं गणिती महावीराचार्याने इसवी सन 850 च्या सुमारास गणितसारसंग्रहात लिहिलं. तो राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातला, आणि राष्ट्रकूट स्वतःला लट्टलूरपुराचे स्वामी म्हणवत. लट्टलूर म्हणजे आजचं लातूर, असं मानलं जातं. तेव्हा ती चूक या जिल्ह्याला परकी नाही. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी शून्याने भागलेल्या राशीला खहर हे वेगळं नाव दिलं आणि ती अनंत मानली.

आजचं उत्तर भागाकार उलटा करून तपासलं की मिळतं. 5 भागिले 0 चं उत्तर जी संख्या असेल तिला 0 ने गुणल्यावर 5 यायला हवेत. तशी संख्याच नाही. 0 भागिले 0 ला उलट प्रत्येक संख्या बसते, म्हणून एक उत्तर ठरत नाही. 0 भागिले 10 मात्र बिनधोक 0. त्या रकान्यात 'पावसाचा दिवस नाही' असे शब्दच लिहायचे.

दुरुस्त वही

खुणा चारच ठेवल्या. पाहिलं आणि कोरडं: 0.0. ओल आहे पण मोजता येत नाही: ट्रे (म्हणजे ट्रेस). पाहिलंच नाही: फुली. साचलेलं वाचन: आकड्यापुढे किती दिवसांचं ते. निरंक, रेघ आणि रिकामी जागा बंद. एक्सेलमध्ये ट्रे आणि फुली वेगळ्या शेऱ्याच्या रकान्यात घेतले. पावसाच्या रकान्यात ट्रेच्या दिवशी 0 आणि फुलीच्या दिवशी काहीच नाही. सरासरीचं सूत्र काढून बेरीज भागिले दिवस असं हाताने लिहिलं.

पुढच्या पंधरवड्यात उघडीप पडली. पीक विम्याच्या बोलण्यात 21 दिवसांचा खंड हा आकडा इथे सगळ्यांच्या तोंडी असतो, त्यामुळे कोरडे दिवस मोजायला मुलं उत्सुक होती. मधल्या एका दिवशी फुली होती; खंड तिथे तुटला की चालू राहिला? आदल्या दिवशी मापक रेघेपर्यंत भरून ठेवलेलं आणि फुलीच्या दुसऱ्या दिवशीचं वाचन 0.0 (2 दिवस). पाऊस उणे पडत नाही. दोन दिवसांची बेरीज 0 असेल तर दोन्ही दिवस 0च असायला हवेत (उडून जाणारी एखादी सर सोडली तर, आणि तसं ऊन आहे का हे तळाची पातळी रेघेखाली गेली की कळतं). तेव्हा ती फुली खोडून 0.0 करता आली. वाचन 67.0 असतं तर हे जमलं नसतं. दोन दिवसांच्या बेरजेवरून दोन्ही दिवस उलगडतात ते एकट्या शून्याच्या बाबतीत.

13 जुलैचा आकडा मुलांना 33.5 आणि 33.5 असा वाटून टाकायचा होता. रविवारी रात्री विजा होत्या, पाऊस तेव्हाच जास्त झाला, असं गावातले सांगत होते. ते शेऱ्यात लिहिलं. आकड्याच्या रकान्यात 12 तारखेपुढे फुली आणि 13 पुढे '67.0 (2 दिवस)' एवढंच राहिलं.